सत्त्व मोरीत, चोथा ताटात

डायलिसिसवर नवीन लागलेल्या माणसाला मशीनची भीती वाटते. मलाही वाटली होती. पण मशीनने माझं काही वाईट केलं नाही. दंडात सुया टोचून घ्यायच्या, पडून राहायचं, रक्त फिरून परत अंगात आलं की उठून घरी यायचं. हे अंगवळणी पडतं. मला छळलं ते ताटाने, आणि त्या ताटाकडे बोट दाखवून बोलणाऱ्या माणसांनी. त्या रागानेच लिहायला बसले आहे. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा डॉक्टरी शब्द चुकला तर समजून घ्या. माझ्यासारखी एखादी बाई हे वाचून स्वयंपाकघरात एकदा डोकावून आली, तरी माझं काम झालं.

मी माण तालुक्यातली. आम्ही नवरा-बायको काशीला आलो ते कामाला, ज्यांना मी काकू म्हणते त्यांच्या घरी. रामघाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली. काकूंचा मुलगा भिक्षुकी करतो, महाराष्ट्रातले यात्रेकरू त्यांच्याकडे उतरतात, विधी करतात, जेवतात. श्राद्धाचा स्वयंपाक काकू स्वतः सोवळ्यात करायच्या, रोजचा माझ्याकडे होता. आमचे हे बाजारहाट बघायचे आणि यात्रेकरूंना नावेने पंचगंगा घाटापर्यंत फिरवून आणायचे.

पाय

आधी पाय सुजले. दिवसभर ओट्यापाशी उभी असते म्हणून सुजले असतील, असं सगळेच म्हणाले. मग चेहरा सुजला. तेव्हा म्हणाले, झोप पुरत नाही. शेवटी माझ्याच हातच्या फोडणीने मला मळमळायला लागलं. मोहरी तडतडली की तोंडाला पदर लावून अंगणात पळायची. काकूंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि यांना म्हणाल्या, आज बाजार राहू दे, हिला दवाखान्यात ने.

मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, बीपीने खाल्ल्या, आता डायलिसिस. इतकी वर्षं अंगात बीपी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते कुणी मोजलंच नव्हतं. मी विचारलं, कधीपर्यंत करायचं? ते म्हणाले, "जब तक है, तब तक."

काय आहे तोपर्यंत, हे विचारायचं धाडस झालं नाही.

बाहेर आल्यावर यांना काय करावं सुचेना. आजारी माणसाला फळं द्यायची एवढंच त्यांना ठाऊक. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मोसंबी घेतली, निवडून निवडून, वास घेऊन. घरी येईपर्यंत ती पिशवी छातीशी धरून होते. दुसऱ्या दिवशी डायलिसिस सेंटरवर पहिलीच गोष्ट सांगितली, की फळं बंद. ती मोसंबी काकूंनी देवापुढे ठेवली. यांनी प्रसादाची फोडसुद्धा तोंडात घातली नाही.

बंद

फळं बंद. पालेभाजी बंद. टोमॅटो, बटाटा बंद. शहाळ्याचं तर नाव काढू नका. डाळ बेताची. पाणी मोजून. आणि भाकरी? त्यात कोंडा असतो, कोंड्यात फॉस्फरस, भाकरीही बंद. मग खाऊ काय? पांढरा भात खा, मैद्याचा ब्रेड खा.

ज्याने त्याने येऊन बंद म्हणून जायचं. का बंद, किती बंद, कायमचं का, हे कुणी सांगायचं नाही. मी आयुष्यभर लोकांना वाढलं, आणि आता माझ्या ताटात भाताचा ढीग आणि चहाबरोबर ब्रेडचे दोन तुकडे. रंग म्हणून काही नाही. पांढऱ्यावर पांढरं.

आता जे लिहिते ते लोक लिहीत नाहीत. मला संडासला व्हायचं बंद झालं. पाणी कमी, भाजी नाही, कोंडा नाही, त्यात फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या. पोट दगडासारखं. चार-चार दिवस काही नाही, आणि झालं तर रडू येईल असं. सेंटरवर वजन विचारायचे, बीपी विचारायचे, दोन मशीनच्या मधे पाणी किती प्यायले ते विचारायचे. पोटाचं कुणी विचारायचं नाही. तिथे सगळे पुरुष, मी तरी कुणाला सांगू?

त्यात ही काशी. इथे आजारी माणसाचं कौतुक वेगळंच असतं. घरी उतरलेल्या यात्रेकरू बायका मला बघायला यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, पुण्यवान आहेस गं, गंगेकाठी आहेस, इथून थेट मोक्ष. एकीने तर डोळे पुसत सांगितलं की असं भाग्य तिच्या सासूला मिळालं नाही. मी म्हणाले, "मग तुम्ही घेता का माझी जागा?" यांनी मागून माझा पदर ओढला. मला मोक्ष नको होता. मला सकाळी पोट साफ व्हायला हवं होतं.

काकू

राग लिहिते आहे, पण काकूंचं न लिहिता पुढे जाता यायचं नाही. मला जिने चढवेनात तेव्हा त्यांनी खालची आपली खोली रिकामी करून आम्हांला दिली आणि स्वतः गुडघे धरत वर गेल्या. काम होत नाही म्हणून एका शब्दाने बोलल्या नाहीत. गावाहून दिराचा फोन यायचा की तिला घेऊन परत या, तिथे आपली माणसं आहेत. आपली माणसं आहेत, पण मशीन तालुक्यापलीकडे, आणि एक दिवसाआड कोण नेणार? काकूंनी यांच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, "ती इथेच राहणार. माझ्या घरची आहे ती. तुम्ही परेशान होऊ नका." माझा स्वयंपाकही त्याच करायला लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि कामाला ठेवलेल्या बाईला गरम वाढायची. हे उपकार मी कुठे ठेवू, मला कळायचं नाही.

म्हणून पुढचं सगळं जास्त कठीण झालं.

शेजारची खाट

गल्लीत टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, शिरत नाही. मशीनच्या दिवशी आम्ही हळूहळू चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जायचो, गाई-म्हशी, मोटारसायकली चुकवत, दंड पदराखाली जपत. सेंटरवर वजन करायचं, खाटेवर पडायचं. सुई लावणारा भैया चांगला होता, बोलत बोलत टोचायचा. एकदा रक्त बाहेर फिरायला लागलं की थंडी वाजते. मी घरून गोधडी न्यायचे.

शेजारच्या खाटेवर एक चाचा असायचे. साड्या विणायचे, आता मुलं विणतात. मला म्हणायचे, "बहनजी, हम दोनों का धागा एक ही मशीन पर है." पायात गोळे आले की भैयाला हाक तेच मारायचे, माझा आवाज निघायचा नाही म्हणून. एक दिवस त्यांची खाट रिकामी होती. किडनीने गेले नव्हते. सकाळी चहा पिताना हृदय बंद पडलं.

त्या दिवशी मला कळलं की आपण किडनीची भीती घेऊन बसलोय आणि मरण दुसऱ्याच दाराशी उभं आहे. भैयाही म्हणाला, की मशीनवरच्या माणसाला जपायला हवं ते हृदय. मग हे इतके दिवस कुणी का नाही सांगितलं? बंद, बंद करताना एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

पहिला प्रश्न

चाचा गेल्यावर काही दिवसांनी सेंटरवर आहाराच्या नव्या मॅडम आल्या. रश्मी मॅडम. माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "पेट साफ़ होता है?"

मला रडू आलं. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, सुई दुखतेय.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही, तेव्हा ते काम थोडंफार आतडं करतं. पोट साफ नसेल तर ती वाटही अडते. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. आणि भाजीत, धान्यात जो चोथा असतो, तंतू असतात, ते पोट हलतं ठेवतात. आतड्यात तयार होणारी घाण त्यामुळे रक्तात कमी जाते आणि हृदयावरचा भार थोडा हलका होतो. चोथा म्हणजे औषध नाही, याने किडनी परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण भाज्या सरसकट बंद करणं चूक आहे, असं म्हणाल्या. माझे रिपोर्ट बघून त्यांनी मला दुधी, कोबी, दोडका दिला, ठरलेल्या मापात. सालीसकट सफरचंदाच्या फोडी. दलिया. आणि अर्धी ज्वारीची भाकरी. पीठ यात्रेकरू गावाकडून आणतच असतात.

एक अट होती. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची, पाणी फेकून द्यायचं, मग फोडणी द्यायची. पोटॅशियम पाण्यात उतरतं.

यांनी घरी येऊन काकूंना काय वाढायचं, कसं उकडायचं, पाणी फेकायचं, ते सांगितलं. काकूंनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात हिरवं आलं. दहा-बारा दिवसांत पोट चालायला लागलं. लोक इथे मनासारखं झालं की गंगेला दिवा सोडतात. मी कशासाठी सोडतेय ते नावाड्याला सांगता आलं नसतं, म्हणून सोडला नाही.

भाजीबरोबर काकू अर्धी वाटी कोकमाचं सार द्यायच्या. तूप-जिऱ्याची फोडणी, किंचित गोडसर. पाण्याच्या मापात बसायचं, म्हणून मी प्यायचे. माझ्यासाठी एवढं करतात, नको कशी म्हणू?

छुपके से

एका मशीनच्या सकाळी गल्लीतच पाय गळाले. छातीत एक ठोका चुकायचा आणि मग दोन धावत यायचे. यांनी मला उचलूनच मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं आणि टोटोत घातलं. ईसीजी काढला, धावपळ झाली, लगेच मशीनवर घेतलं. पोटॅशियम खूप वाढलं होतं. थोडा उशीर झाला असता तर माझीही खाट रिकामी दिसली असती.

डॉक्टर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "छुपके से क्या खाया?"

मी म्हणाले, काही नाही. ते हसले. म्हणाले, सब यही बोलते हैं. रश्मी मॅडमनाही त्यांनी सुनावलं की तुमच्या भाज्यांचा हा परिणाम. सब्ज़ी बंद, सब बंद. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही वाटलं असेल की हिने काहीतरी खाल्लंय.

तेही सहन केलं असतं. पण येताना टोटोत आमचे हे खाली बघत म्हणाले, "खरं सांग, यात्रेकरूंची फळं घेतलीस का? मी रागावणार नाही." ज्याने देवापुढची फोड खाल्ली नाही, तो माणूस मला चोर समजत होता.

पुन्हा भात आणि ब्रेड. पुन्हा पोट दगड. आणि आता भीती वेगळी. मी काही न खाता वाढलं असेल, तर पुढचा ठोका कधी चुकेल ते कुणाच्याच हातात नव्हतं. झोपताना छातीवर हात ठेवून मोजत पडायची.

वाटी

दोन-तीन दिवसांनी दुपारी काकूंनी भात वाढला आणि शेजारी सार ठेवलं. या वेळी वाटी भरून. मला म्हणाल्या, "पिऊन टाक. भाजी बंद केली ना त्यांनी, म्हणून आज घरच्यांच्या सब्जीचं पाणी काढून ठेवलं तुझ्यासाठी. सगळं सत्त्व त्यातच असतं गं."

वाटी माझ्या ओठांपाशी होती.

मी विचारलं, सार कशाचं करता? त्यांनी सहज सांगितलं की तुझ्या भाजीच्या पाण्याचं, पहिल्यापासून. वर कोकम घालते, म्हणजे भाजीचा वास कळत नाही. भाकरीची उकडही त्याच पाण्याची.

मी वाटी धरूनच बसले. मग सगळंच बाहेर पडलं. म्हणाले, "काकू, ते पाणी फेकायला सांगितलं होतं. त्याच पाण्याने मी त्या दिवशी मरत होते."

काकूंना आधी कळलंच नाही. मग त्या चिडल्या. "आणि मोरीत ओतायचं? चोथा तुला वाढायचा आणि सत्त्व मोरीत? आमच्या घरात पुरणाच्या डाळीचं पाणी कधी टाकलेलं नाही. कटाची आमटी माझ्या सुनेला कुणी शिकवली? तूच ना?"

"मीच शिकवली. पण तुमच्या सुनेच्या किडन्या धड आहेत."

"काकूंशी आवाज चढवू नकोस," हे दारातून म्हणाले.

"मग कुणाशी चढवू?" मी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, मी चोरून खाते. तुम्ही म्हणता, मी चोरून खाते. येईल तो मोक्षाच्या गोष्टी सांगतो. मला मरायचं नाही. काशीत तर नाहीच नाही."

हे त्या घरात बोलायचं वाक्य नव्हतं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. खोली त्यांची, भात त्यांचा, वाटी त्यांची. आता निघा म्हणाल्या तर कुठे जायचं, हे मला बोलता बोलताच दिसत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यासाठीच केलं मी."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तेच तर. दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

मग आमचे हे आत आले, माझ्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत ओतली. चुलीपाशी गेले, साराचं पातेलं उचललं, तेही ओतलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. यांनी पातेलं विसळलं, पालथं घातलं आणि काकूंना म्हणाले, "हिची भाजी पुन्हा सुरू झाली की पाणी मी ओतत जाईन. तुम्ही फक्त फोडणी घाला."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पण टोटोतलं ते वाक्य त्यांनी कधी परत उच्चारलं नाही.

सांगायचं ते

पुढच्या मशीनला काकू बरोबर आल्या. मी बोलावलं नव्हतं. नऊवारी सावरत, कशाला हात न लावता कोपऱ्यात बसल्या आणि मॅडम आल्यावर विचारलं, "चोथे में क्या रखा है?" मॅडमनी मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, आणखी सावकाश. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांनाच धरलं. म्हणाल्या, पाणी फेका एवढंच सांगितलंत. त्यात काय उतरतं, का फेकायचं, ते माझ्यापर्यंत कुणी पोचवलं? मी तिला विष पाजत होते आणि वर तूप घालत होते. तेव्हापासून मॅडम प्रत्येकाला विचारतात की भाजी शिजवतं कोण, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला घेऊन या म्हणतात.

माझा राग तिथेच येऊन थांबतो. काकूंवर नाही. हुकूम सोडणाऱ्यांवर, ज्यांना वाटतं की कमी शिकलेल्याला कारण सांगून उपयोग नाही. बाई गं, तुला बंद म्हणतील तेव्हा का ते विचार. तुझी भाजी, तुझं माप, तुझे रिपोर्ट वेगळे असतील. माझं बघून काही खाऊ नकोस, इसबगोलही आपल्या मनाने घेऊ नकोस, त्याला पाणी लागतं आणि आपलं पाणी मोजलेलं. पण पोट साफ होत नाही हे लाज सोडून सांग. कुणी विचारलं नाही तरी सांग.

डॉक्टरांनाही मी सांगितलं की मी चोरून खाल्लं नव्हतं. ते म्हणाले, अच्छा, ठीक है. मी म्हणाले, ठीक नाही, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात. त्यांनी रिपोर्ट बघितले, सलग चांगले आले होते, आणि म्हणाले, सब्ज़ी शुरू कीजिए. माफी मागितली नाही. ते मी अजून मनात धरून आहे.

त्या दिवशी दुपारी कोबी होता. यांनी पाणी ओतलं, काकूंनी फोडणी दिली आणि ताट माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "घे तुझा चोथा. चव नाही राहिली हो काही." खरंच नव्हती. हळद-मोहरीचा वास आणि दाताखाली करकर, एवढंच. मी सगळा संपवला, भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि आणखी वाढा म्हणून पुढे केलं.

काकूंनी कोबीवर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "बस झालं. मॅडमनी मापात दिलंय."

मला रागच आला. कित्येक महिन्यांनी भूक लागली होती.